वीतभर जमिनीचे भूदृश्य

शाळेत 'निसर्गचित्र काढा' म्हटले की आपण बहुतेक सगळे एकच चित्र काढतो. दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी आणि काठावर एक झोपडी. भिलाईच्या सपाट सेक्टरांमध्ये वाढलेली, डोंगराऐवजी पोलाद कारखान्याच्या चिमण्या रोज पाहणारी मुलेही हेच काढतात. भूदृश्य म्हणजे काहीतरी दूरचे, मोठे आणि आभाळ असलेले, हा समज इतका पक्का आहे. प्रस्तुत टिपणात तो तपासायचा आहे. कॅमेरा जमिनीपासून हातभर अंतरावर आणून, आभाळ आणि क्षितिज वगळून काढलेल्या छायाचित्राला भूदृश्य म्हणता येईल का? म्हणायचे असेल तर कशाच्या आधारावर?

एक चुकलेला निकाल

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या छायाचित्र स्पर्धेत मी परीक्षक होतो. 'निसर्गदृश्य' आणि 'मॅक्रो' असे दोन गट होते. निसर्गदृश्याच्या गटात एका विद्यार्थिनीचे छायाचित्र आले. पहिल्या पावसानंतरची भाठा जमीन, फार तर दोन वितींची. भाठा म्हणजे छत्तीसगडच्या उंचवट्यांवरची तांबडी, खडेरी, मुरमाड जमीन. बोटभर रुंदीचा ओहोळ वाहून गेल्याची खूण चित्रात होती. वरच्या बाजूला जाड खडे अडकलेले, खाली बारीक रेती पंख्यासारखी पसरलेली. एका कोपऱ्यात मृगाचा किडा, लाल मखमली ठिपक्याएवढा.

आम्ही ते बाद केले. शेरा लिहिला: 'क्षितिज नाही, चुकीचा गट.' सहपरीक्षकांनी तिला सुचवले, किड्याभोवती कापून घे, मॅक्रोत बक्षीस मिळेल. ती म्हणाली, "सर, किडा नसता तरी मी हा फोटो काढला असता." तेव्हा आम्ही हसून पुढच्या चित्राकडे वळलो. आज मला वाटते की निकाल चुकला होता आणि खरी कसोटी तिच्या त्या वाक्यातच होती.

पोर्टर यांची जवळची भूदृश्ये

हा प्रश्न नवा नाही. मूळ डच भाषेत 'लँडस्केप' या शब्दाचा अर्थ एवढाच होता: प्रदेश, जमिनीचा तुकडा. इंग्रजीत तो चित्रकारांची संज्ञा म्हणून आला आणि दूरचा देखावा हा अर्थ त्याला चिकटला. हा अर्थ सैल करण्यात अमेरिकी छायाचित्रकार एलियट पोर्टर (१९०१–१९९०) यांचा वाटा मोठा आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला हवे की पोर्टर यांनी हार्वर्डमधून आधी रासायनिक अभियांत्रिकीची आणि नंतर वैद्यकाची पदवी घेतली होती. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांच्या ५५ रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. त्याचे नाव होते 'इंटिमेट लँडस्केप्स', म्हणजे जवळिकीची भूदृश्ये. गळलेल्या पानांचा थर, खडकावरची दगडफुले, ओढ्यातले दगड, झाडोऱ्याची गुंतवळ असे त्यांचे विषय. दूरचे शिखर त्यांना लागत नाही.

याच्या शेजारी एडवर्ड वेस्टन यांचे 'पेपर नंबर ३०' (१९३०) ठेवून पाहा. एक ढोबळी मिरची, पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपलेली. चित्र अप्रतिम आहे. पण ती मिरची कोणत्या मातीत वाढली, तिच्यावर कोणते ऊन पडले, हे चित्रात कुठेच नाही आणि असण्याची गरजही नाही. ते मिरचीचे व्यक्तिचित्र आहे. जवळून पाहणे दोन्हीकडे आहे, भूदृश्य मात्र पोर्टर यांच्याकडेच आहे.

यातून पहिली कसोटी मिळते. तिला कापणीची कसोटी म्हणू. चित्र कापून एकाच वस्तूवर आणा. ते सुधारले तर ते त्या वस्तूचे व्यक्तिचित्रच होते. ते बिघडले तर वस्तूंमधले काही नाते तुटले असे समजा.

यावर आक्षेप घेता येईल. टेबलावर मांडलेल्या फळांचे चित्र कापले तरी बिघडते, मग तेही भूदृश्य का? आक्षेप बरोबर आहे, म्हणून दुसरी कसोटी लागते: नाते कोणी जुळवले? फळांचे नाते चित्रकाराने जुळवलेले असते. ओल्या दगडावर तीन रंगीत पाने स्वतः ठेवून काढलेला फोटो याच जातीचा. त्या विद्यार्थिनीच्या चित्रात जाड खडे वर आणि बारीक रेती खाली ही मांडणी पाण्याने आणि उताराने केली होती. उतार, पाणी, माती, ऊन आणि जीव यांनी एकमेकांवर केलेले काम चौकटीत वाचता आले, की ती चौकट भूदृश्याची झाली. तिच्यात किती चौरस किलोमीटर मावले, हा मुद्दा उरत नाही.

थोडे मागे सरा

ही गोष्ट कॅमेऱ्याच्या गणितातही दिसते. चित्रात जेवढी खोली स्पष्ट येते तिला 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर आणि एफ/८ छिद्र धरून हिशेब करू. वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढीच उमटवली, तर चौकट ३.६ सेंटिमीटर रुंद असते आणि स्पष्ट खोली साधारण १ मिलिमीटर. एक दशांश आकारात उमटवली तर चौकट ३६ सेंटिमीटर आणि खोली साधारण ५ सेंटिमीटर. एक विसांश आकारात चौकट ७२ सेंटिमीटर आणि खोली सुमारे २० सेंटिमीटर.

याचा अर्थ लक्षात घ्या. अगदी जवळ गेले की भिंग आपोआप व्यक्तिचित्र काढू लागते. फुलाचा एक पुंकेसर स्पष्ट, बाकीची जागा धूसर. ती धूसर पार्श्वभूमी अनेकांना आवडते, पण धूसर होते ती जागाच. थोडे मागे सरले की माती, पाणी आणि मुळे स्पष्टतेत परत येतात. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने तेवढ्याच चौकटीत त्याला अधिक खोली मिळते. या कामी तो कमी दर्जाचा मानू नये.

कासचे तीन फोटो

साताऱ्याच्या पश्चिमेचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. पावसाळा सरत आला की तिथे तीन प्रकारचे फोटो निघतात. पहिला फुलांच्या गालिच्याचा, मागे ढग. दुसरा एकाच फुलाचा, मागे काहीच नाही. दुसऱ्या प्रकाराला नावे ठेवायची नाहीत. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री'सारख्या पुस्तकात फूल ओळखता येणे हेच काम असते, तिथे ते वेगळे काढून दाखवणेच योग्य.

तिसरा प्रकार कमी दिसतो. जांभ्या खडकातला वीतभर खोलगट भाग, त्यात पाण्याचा पातळ थर, जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद आणि कडेला उघडा काळपट खडक. इथे जांभ्यावर माती नावालाच असते आणि पोषणद्रव्ये कमी. म्हणून सीतेची आसवं ही वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडते, दवबिंदू ही वनस्पती चिकट केसांवर किडे धरते. खडक, पाणी आणि फूल एकाच चौकटीत असतील तर फुले तिथेच का आहेत हे कळते. गालिच्याच्या फोटोत रंग दिसतो, या फोटोत पठार दिसते. माझ्या मते तिघांत अस्सल भूदृश्य हेच.

सारखेपणाचा मोह

आणखी एका प्रकाराबद्दल सावध राहायला हवे. उन्हाळ्यात कन्हार, म्हणजे इथली काळी जमीन भेगाळते. त्या भेगा अशा टिपायच्या की विमानातून शहर पाहिल्यासारखे वाटावे, ही लोकप्रिय युक्ती आहे. भूवैज्ञानिक फोटोत नाणे किंवा हातोडा ठेवतात तो हा गोंधळ टाळण्यासाठी. इथे तो मुद्दाम केला जातो. असा फोटो कोड्यासारखा असतो, उत्तर कळले की संपतो.

पण सारखेपणामागे एकच प्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. चिखल वाळताना आकसतो आणि तडकतो. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब लाव्हा थंड होताना आकसल्याने घडले. शहराशी भेगांचे साम्य वरवरचे, गिल्बर्ट हिलशी मुळातले. तसेच त्या विद्यार्थिनीच्या चित्रातला रेतीचा पंखा आणि डोंगरातून सपाटीवर उतरणाऱ्या नदीने पसरलेला गाळाचा पंखा. दोन्हीकडे वेग मंदावलेले पाणी आधी जड माल टाकते, मग हलका.

रिकामी जमीन कोणती?

छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला चार नावे देतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. ढोबळमानाने हा क्रम उंचवट्यावरून खोलगट भागाकडे येतो. मूठभर माती पाहून जाणता माणूस उतारावरची तिची जागा सांगू शकतो. जवळून भूदृश्य वाचण्याची ही रीत कॅमेऱ्याहून जुनी आहे.

या चौघींत भाठ्याची किंमत सर्वांत कमी. दूरून पाहिले तर ती ओसाड दिसते, तिला पडीक म्हणतात आणि मुरूम हवा असला की आधी तीच खणली जाते. पोर्टर यांच्या १९६३ च्या पुस्तकाचे नाव 'द प्लेस नो वन न्यू', कोणालाच माहीत नसलेली जागा. ते कोलोराडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यनबद्दल आहे. त्याच वर्षी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पुस्तकातल्या कितीतरी भिंती, झरे आणि डोह पाण्याखाली गेले. छायाचित्रांनी धरण थांबवले नाही. पण तिथे काय होते हे सांगणारा पुरावा उरला.

एका फोटोने जमीन वाचवली पाहिजे असे सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते की तिला रिकामी म्हणण्याआधी गुडघे टेकून पाहायला हवे होते. त्या छायाचित्रातल्या भाठ्यावर आता मुरमाची खाण आहे. आमचा शेरा, 'क्षितिज नाही', दूरून पाहणाऱ्याचाच होता.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातल्या एका हातभर जमिनीची दोन छायाचित्रे काढा: एक तीन सेंटिमीटरच्या चौकटीचे, एक पन्नास सेंटिमीटरच्या. दुसऱ्यात काय जास्तीचे कळले ते पाच वाक्यांत लिहा.

२. दुसऱ्या चित्रावर कापणीची कसोटी लावा. कोणते नाते तुटले?

३. तुमच्या गावात त्या जमिनीला काय म्हणतात, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून चित्राखाली लिहा.