‘नेगल’ उसाच्या फडात वाचताना

पोसलेल्या रानप्राण्यांवरची जी थोडी मराठी पुस्तके घराघरांत पोहोचली, त्यांत विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ला मी वरचे स्थान देईन. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या अंगणात जी रानची लेकरे वाढली, त्यांचे हे पुस्तक. नेगल हे त्यांतल्या बिबट्याचे नाव.

मनोहर हे त्याच प्रकल्पातले कार्यकर्ते. ते निसर्गशास्त्रज्ञाच्या आवेशाने लिहीत नाहीत, शिकाऱ्याच्या तर नाहीच नाही. घरात वावरणाऱ्या जिवाची हकीकत घरातल्याच माणसाने सांगावी, तसा त्यांचा साधा सूर आहे. त्यामुळे वाचकाची भीती गळून पडते. पण हे यशच मला थोडे काळजीत टाकते. पुस्तक मिटताना पोराच्या मनात पहिली इच्छा उठते ती अशी, की आपल्याही घरी असे एक पिल्लू असावे!

या इच्छेला उत्तर हेमलकशाच्याच हकीकतीत आहे. शिकार करून परतणाऱ्या माडियांजवळ डॉक्टरांनी एक मेलेली माकडीण पाहिली. तिच्या छातीला जिवंत पिल्लू बिलगलेले होते. तांदूळ देऊन त्यांनी ते मागून घेतले. तीच बबली. माडियांची शिकार ही हौस नव्हती, भूक होती. आणि पिल्लाला परत नेऊन द्यावे, तर द्यायला आईच उरलेली नव्हती. हेमलकशाचे गोकुळ अशा पोरकेपणातून उभे राहिले. ते विसरून ‘नेगल’ वाचले, तर हाती नुसता लळा उरतो.

मी हे लिहितो, त्याला कारण आमचा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. येथे बिबट्याला अरण्य लागत नाही. संगमनेर, अकोले, राहुरीकडचे उसाचे फड त्याला पुरतात. मादी तेथेच विते. तोडणी सुरू झाली, की कोयत्यापुढे डोळे न उघडलेली पिल्लेही सापडतात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. ज्या वस्तीवर आपण कुत्रे पाळतो, त्याच वस्तीच्या बांधावर बिबट्याचाही संसार असतो. तेथे वत्सलतेइतकीच भीतीही खरी आहे, आणि ती ज्याच्या घरात शिरली आहे, त्याला मी भूतदयेचा उपदेश करणार नाही.

परंतु फडात सापडलेल्या पिल्लाची आई बहुधा मेलेली नसते. ती शेजारच्या फडात अंधाराची वाट पाहत असते. म्हणून वनखात्याची माणसे व पशुवैद्य पिल्ले तपासून रात्री त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि मादी येऊन एकेक उचलून नेते. मायेपोटी कोणी पिल्लू घरी नेले, तर ते पोरके होते. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाही आहे. ज्यांना परतता येत नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या जुन्नर तालुक्यात माणिकडोहचे निवारा केंद्र आहे. पण तेथला मुक्काम अनेकदा जन्माचा ठरतो.

सुजय डहाके यांच्या ‘आजोबा’ (२०१४) या चित्रपटामागची घटनाही आमच्याच जिल्ह्यातली. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ साली काढलेला बिबट्या माळशेज घाटात सोडला, आणि तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. मोठे झालेले जनावर आपली वाट जाणते. माणसाच्या हातचे दूध प्यालेल्याला ती दाखवणारे कोणी नसते. ‘आजोबा’ पाहिल्यावर ‘नेगल’मधली माया मला अधिक करुण वाटू लागली. तिच्या मुळाशी जे नुकसान आहे, ते कोणत्याही मायेने भरून येणारे नाही.

म्हणून माझे सांगणे इतकेच. या दिवाळीत ‘नेगल’ मुलांच्या हाती अवश्य द्यावे. मात्र वाचून झाल्यावर त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : या पिल्लाची आई कुठे होती?