पर्सिगचा ग्रंथ आणि पोखर्णीचा मिस्त्री

इंग्रजी भाषेतील काही ग्रंथ असे असतात की, त्यांचे नाव ऐकूनच आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य त्यांच्याविषयी आदर बाळगू लागतो. मग ते वाचण्याचा योग पुढे येवो वा न येवो. रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हा ग्रंथ या वर्गातील होय. १२१ प्रकाशकांनी तो नाकारला होता, ही हकीकत तर ग्रंथाहूनही अधिक लोकांस ठाऊक असते. मी तो दोनदा वाचला आणि काही वर्षे वर्गात त्यावर व्याख्यानेही दिली. तथापि त्यातील एका मताविषयी माझी जी श्रद्धा होती, ती परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी या गावी, पत्र्याच्या एका पडवीत ढळली. ती कशी, हे येथे सांगावयाचे आहे.

निवेदक आपल्या लहान मुलास मागे बसवून मिनेसोटाहून निघतो आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत जातो. वाटेत यंत्राची निगा राखता राखता ‘गुणवत्ता’ म्हणजे काय, या प्रश्नाचा तो माग काढतो. एवढेच कथानक. लेखक तरुणपणी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांस रुचेल. मोटरसायकलींच्या माहितीसाठीही या ग्रंथावर फारसे विसंबू नये, असे त्याने आरंभीच हसत हसत बजावले आहे. पण यंत्रावरील त्याचे प्रेम इतके खरे आहे की, ही सूचना आपण चार पानांत विसरून जातो. अडकून बसलेल्या एका स्क्रूवर त्याने जी पाने खर्ची घातली आहेत, ती मला आजही उत्कृष्ट वाटतात. चार आण्यांचा तो स्क्रू निघत नाही तोवर त्याची किंमत सबंध गाडीएवढी असते, हे ज्याने स्वतः हात काळे केले आहेत तोच लिहू शकेल.

माझा वाद आहे तो दुकानाच्या प्रसंगाशी. निवेदकाचे इंजिन जाम होते व तो ते दुरुस्तीस देतो. तेथे रेडिओ मोठ्याने चाललेला, पोरे थट्टामस्करीत दंग, झाकणावर छिन्नीचे घाव. पिस्टन बदलूनही दोष जात नाही. अखेर दोष निघतो तो तेलाच्या मार्गातील एका तुटक्या, क्षुल्लक किमतीच्या पिनेत. पर्सिग म्हणतो की, ती माणसे स्वतःच्या कामाची केवळ प्रेक्षक होती. आणि त्यांचा रेडिओ तो त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून सादर करतो. हे मत मी विद्यार्थ्यांपुढे मोठ्या विश्वासाने मांडीत असे.

माझ्या वडिलांची १९६८ सालची जावा घरी होती. यानेचेक या झेक उद्योजकाने वाँडरर कंपनीचे आराखडे घेऊन १९२९ साली हा धंदा आरंभिला. दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. मुंबईच्या इराणी मंडळींनी १९६१ साली म्हैसूरला तिचा कारखाना काढला आणि पुढे तीच गाडी येझदी नावाने १९९६ पर्यंत निघत राहिली. आमची गाडी चार-सहा मैल चालली की तापून जाम होई. शहरातील एका दुकानात ती दोनदा दिली. दोन्ही वेळा सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसविला गेला, दोन्ही वेळा मोठे बिल आले आणि दोन्ही वेळा गाडी पुन्हा अडली. ते दुकान स्वच्छ होते. तेथे रेडिओ नव्हता.

पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनास गेलो असता आमच्या एका आप्ताने तेथील मिस्त्रीचे नाव सुचविले. गाडी टेंपोत घालून नेली. पडवीत रेडिओ चालू, एक पोरगा पाना ठोकीत गातो आहे, दोन शेतकरी कापसाच्या भावावर वाद घालीत बसलेले. मला पर्सिग आठवला. मी जरा तुटकपणेच म्हणालो, “मिस्त्री, काम करताना हे बंद ठेवता आलं तर बरं.” त्यांना राग आला नाही. “गाणं हाताला आडवं येत नाही सर. कानाचं काम आलं की मीच बंद करतो.”

आणि खरोखरच त्यांनी रेडिओ बंद केला, शेतकऱ्यांनाही गप्प केले आणि किक मारली. जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. तो उभा करताना माझ्या वडिलांची जी लकब होती तीच त्यांच्या हाताची दिसली. त्यांनी मूठ पिळली आणि सोडली. मूठ सोडली तरी इंजिनाचा स्वर लगेच खाली येईना, वरच्या वर घुमत राहिला. तीनदा त्यांनी हे केले. “हे कुठून तरी हवा ओढतंय,” एवढे बोलून त्यांनी रेडिओ पुन्हा लावला.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगितलेच पाहिजे. पर्सिगच्या गाडीत तेलाचा मार्ग निराळा आहे. जावा टू-स्ट्रोक असल्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि ते मिश्रण सिलिंडरकडे जाण्यापूर्वी क्रँकच्या बंदिस्त कोठीतून जाते. कोठी हवाबंद राहावी म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांना सील असते. डायनामोच्या बाजूचे सील सुकले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, ज्वलन अधिक तापते आणि पिस्टन फुगून धरतो. मग सिलिंडर कितीही वेळा बोअर करा!

पुढचे दोन दिवस मी स्टुलावर बसून पाहिले. हेडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले. पिस्टनची पिन काढण्यापूर्वी कोठीच्या तोंडात चिंधी कोंबली, कारण तिचे टीचभर सर्किप आत पडले तर सबंध कोठी फोडावी लागते. (ती पुढे फोडावी लागलीच, पण म्हणून चिंधी चुकली नाही.) डायनामो पुलरने ओढला. कोठीचे दोन भाग लाकडी हातोडीने, कडेकडेने टकटक करीत वेगळे केले. प्रत्येक स्क्रू एका पुठ्ठ्यावर, झाकणाची आकृती रेखून, त्या त्या जागी भोक पाडून टोचला. पर्सिगने यंत्राचे घटक व कार्ये यांचा जो वृक्ष मांडला आहे तो विद्वत्तेने श्रेष्ठ खरा. पण परत जोडताना उपयोगी पडतो तो हा पुठ्ठा. सील बाहेर आले तेव्हा ते बोटाने मोडले. पिस्टनवर ओरखडे होते, ते मात्र मलाही दिसले असते.

आजकाल ‘जुगाड’ या शब्दाचे फार कौतुक होते. मी उतावीळपणे विचारले की, दुसऱ्या एखाद्या गाडीचे सील घासून बसणार नाही काय? मिस्त्रींनी मान हलविली. अकरा दिवस गाडी तशीच सुटी पडून राहिली. दरम्यान क्रँक परभणीच्या लेथवर गेला. पिस्टन आधी आणून तो हातात देऊन मगच त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करविला. कोरडा पिस्टन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली घसरतो की नाही, हे त्यांनी आणि लेथवाल्याने दोघांनी मिळून पाहिले.

पर्सिगच्या ग्रंथात हा ‘दोघांनी मिळून’ जवळजवळ नाहीच. त्याचा कारागीर एकटा असतो. त्याची आस्था गॅरेजच्या एकांतात, स्वतःच्या मनाशी बोलत वाढते, आणि दुसऱ्यांची चाहूल लागली की तो तिला व्यत्यय समजतो. आस्थेवाचून काम नासते, हे त्याचे म्हणणे मी अद्याप मानतो. परंतु ती ओळखण्यासाठी त्याने जी खूण दिली ती एका विशिष्ट समाजातील सुशिक्षित मनुष्याच्या सवयीची खूण आहे. वाचनाला शांतता लागते, म्हणून सर्वच कामाला ती लागते असे त्याने धरले. आणि मीही, त्याच पेशाचा असल्यामुळे, ते निमूटपणे मान्य केले. त्या शहरी दुकानावर मी दोनदा विश्वास टाकला तो केवळ तेथे कोणी गात नव्हते म्हणून.

अकराव्या दिवशी सील आले. रात्री उशिरा गाडी जोडून झाली, मिश्रणात तेल जरा जास्त घातले. रेडिओ बंद झाला. चौथ्या किकेला इंजिन लागले. मिस्त्रींनी मूठ पिळून सोडली, आणि स्वर ताबडतोब खाली उतरला. त्यांनी आणखी दोनदा तसे करून पाहिले. मग पोराला म्हणाले, “लाव रे,” आणि मला म्हणाले, “सर, पहिले पाचशे किलोमीटर पळवू नका.”