प्रकाशाने मोजलेला ध्वनी

रामन यांचे नाव निघाले की आपण ‘रामन परिणामा’पाशी थांबतो. बंगळूरला नागेंद्रनाथ यांच्यासह त्यांनी १९३५-३६ मध्ये लिहिलेले निबंध मात्र शाळेपर्यंत पोचतच नाहीत. द्रवातील श्राव्यातीत ध्वनी प्रकाशाचे विवर्तन घडवतो, हे १९३२ मध्ये दिसले होते. या जोडीने त्याची उकल केली : ध्वनीचे दाट-विरळ थर प्रकाश अडवत नाहीत, त्याची कला बदलतात. त्यामुळे द्रवात काहीही न बुडवता विवर्तनाच्या कोनावरून ध्वनीची तरंगलांबी आणि पट्ट्यांच्या तेजावरून तीव्रता काढता येते. किरण द्रवातून सरळच जातात, हे पहिल्या निबंधातील गृहीतक ध्वनीची शलाका फार रुंद झाली की अपुरे पडते. तरीही ध्वनी व प्रकाश ही प्रकरणे एकत्र शिकवायची, तर याहून चांगला धडा नाही.