‘ऋतुचक्र’ : वाचकाला पाहावयास लावणारे गद्य

दुर्गा भागवत (१९१०-२००२) यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले, त्यात काही विशेषणे वारंवार आढळतात : काव्यात्म, चित्रमय, तरल. ही विशेषणे खोटी नाहीत. परंतु ती लेखिकेच्या प्रतिभेविषयी सांगतात, ग्रंथ वाचकावर काय करतो याविषयी नव्हे. एखाद्या झाडाखालून वर्षानुवर्षे जाणारा मनुष्य हे पुस्तक वाचल्यावर त्याच झाडाखाली थांबतो, ही खरी घटना आहे. ती कशी घडते, हा प्रश्न समीक्षेने बहुधा रसिकतेच्या खात्यात टाकून दिला. वास्तविक तो भाषेचा प्रश्न आहे.

‘ऋतुचक्रा’च्या आधी मराठी गद्यात निसर्ग नव्हता असे नाही. विशेषतः कोल्हापूरच्या वाचकाला हे सांगावयास नको, कारण लघुनिबंध या प्रकाराचे दोन मोठे लेखक याच नगरीत वावरले. ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत, वि. स. खांडेकर शिरोडे सोडून १९३८ च्या सुमारास येथे आले ते कायमचे. त्यांच्या लघुनिबंधात झाड येते, पाऊस येतो, चांदणेही येते; पण ते निमित्त म्हणून येते. वाक्याचा कर्ता बहुधा ‘मी’ असतो, आणि निसर्गातील वस्तू त्या ‘मी’च्या मनात एखादी कल्पना जागी करून बाजूला होते. निबंध संपल्यावर वाचकाच्या स्मरणात लेखक राहतो, झाड राहत नाही. हा त्या प्रकाराचा दोष म्हणता येणार नाही. त्याचे प्रयोजनच वेगळे होते. तथापि पुढील पिढीत ‘ऋतुचक्र’ किंवा श्रीनिवास कुलकर्णी यांचे ‘डोह’ (१९६५) अशी पुस्तके आली आणि त्यांनाही त्याच वंशावळीत बसविण्यात आले, तेव्हा त्यांच्यातील महत्त्वाचा भेद झाकला गेला. ‘ऋतुचक्रा’त ‘मी’ पूर्णपणे नाहीसा होत नाही. तो कडेला उभा राहतो आणि वाक्याच्या कर्त्याची जागा पिंपळाला, फणसाला, घरटे बांधणाऱ्या पक्ष्याला देतो.

ग्रंथाची रचनाही पाहण्यासारखी आहे. कालिदासाच्या नावावर असलेले ‘ऋतुसंहार’ सहा ऋतूंत विभागलेले आहे. ते ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतात संपते. दुर्गाबाईंनी बारा महिने घेतले आणि चैत्रापासून आरंभ केला. हा फरक वरवरचा नव्हे. ऋतू हे मोठे माप आहे. दोन महिन्यांच्या पटावर आम्रमंजरी, कोकिळा व मलयानिल एवढे कविसंकेत सहज पुरतात. महिना हे माप लहान, म्हणून संकेतांवर भागत नाही. चैत्र आणि वैशाख यांत काय वेगळे, हे प्रत्यक्ष झाडाकडेच विचारावे लागते. काळाचे माप लहान केले की निरीक्षण वाढवावे लागते, आणि लेखिकेवर पडलेली ही सक्ती वाचकावरही पडते.

याचा उत्तम पुरावा म्हणजे ‘वसंतहृदय चैत्र’ या प्रकरणात घाणेरीला मिळालेले स्थान. घाणेरी ही मूळची अमेरिका खंडातील, इंग्रजी अमदानीत येथे आलेली. संस्कृत काव्याला ती माहीत असणे शक्य नाही. लोकांनी दिलेले नाव तर तिच्याकडे पाहूच नये असे सांगणारे. कविसंकेतात जिला जागा नाही आणि जिचे नावच निंदाव्यंजक आहे, अशा झुडपाच्या रंगांकडे लेखिका वाचकाला वळविते. पळसाकडे कोणीही पाहतो. तो पाहण्यास वेगळे शिक्षण लागत नाही. घाणेरीकडे पाहावयास लावणे, हे या ग्रंथाचे खरे कर्तृत्व.

या कामी मराठीने दिलेले एक साधन मात्र समीक्षकांच्या नजरेतून निसटते. विशेषणांची गणती सर्वजण करतात. क्रियापदांकडे कोणी वळत नाही. ‘पिंपळाची पालवी तांबूस असते’ हे वाक्य स्थिती सांगते आणि थांबते. ‘फुटू लागते’, ‘उकलत जाते’, ‘हिरवी होत येते’ ही रूपे मात्र त्याच पालवीची तीन वेगळी वये सांगतात. लागणे, जाणे, येणे या सहायक क्रियापदांमुळे क्रिया कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते, आणि वाचकाला आजच्या पानाची तुलना कालच्या पानाशी करावी लागते. त्यात रीतिवर्तमानकाळाची भर पडते. ‘मी पाहिले’ या भूतकाळी विधानाला वाचकाने मान डोलवायची असते. ‘चैत्रात असे होते’ हे विधान त्याला पुढच्या चैत्रात पडताळता येते. पहिल्यात लेखकाचा अधिकार आहे, दुसऱ्यात वाचकाचा.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. चैत्र, वैशाख हे चांद्र महिने. ते सूर्याशी तंतोतंत जुळत नाहीत. अधिक मास आला की त्यापुढील महिने उशिरा येतात. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ अधिक. झाड मात्र पंचांग पाहत नाही. शेतकऱ्याने हे केव्हाच ओळखले होते, म्हणून पावसाचा हिशोब तो महिन्यांवर न ठेवता रोहिणी, मृग, आर्द्रा या सूर्यनक्षत्रांवर ठेवतो. मृग दरवर्षी जूनच्या ७-८ तारखेलाच निघतो. ‘ऋतुचक्रा’ची चौकट सणावारांच्या पंचांगाची आहे, शेताच्या पंचांगाची नव्हे, हे मान्य करावे लागते. लोकसंस्कृतीच्या अभ्यासिकेने असे करावे याचे थोडे आश्चर्यही वाटते. दुसरी उणीव अधिक गंभीर : काही ठिकाणी पुराणकथा व संस्कृत संदर्भ यांची दाटी होते, आणि झाड व वाचक यांच्या मध्ये ग्रंथालय उभे राहते. अशा जागी व्युत्पन्न वाचकाला आनंद होतो, पण त्याची नजर पानावरून पुन्हा पोथीकडे वळते.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचा मार्ग वेगळा, नामकरणाचा. वनखात्यातील दीर्घ सेवेत त्यांनी रानातले शब्द वेचले, काही रूढ केले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. ग्रंथागार, धान्यागार या परिचित घडणीमुळे यातील पहिला शब्द कोशाविना उलगडतो, आणि जो शब्दाने कळला तो एरवी नुसता कलकलाट वाटणारा वृक्ष वसाहत म्हणून दिसू लागतो. ‘सारंगागार’ची गोष्ट मात्र निराळी. ‘सारंग’ शब्दाचे संस्कृतात हरिण, मोर, चातक असे कितीतरी अर्थ. ज्याला ‘बगळा’ ठाऊक आहे त्याला या शब्दातून बगळा दिसत नाही. म्हणजे नाव दिल्याने दृष्टी येते हे अर्धेच खरे. जे नाव वाचकाच्या तोंडातील शब्दाला धरून असते तेच डोळ्याला उपयोगी पडते.

याची उलट बाजू कोल्हापुरात दर उन्हाळ्यात दिसते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग चढतात, गडगडाट होतो, कधी गारा पडतात; या पावसाला या भागात ‘वळीव’ म्हणतात. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी आपल्या कथासंग्रहाला तेच नाव दिले. अलीकडे वृत्तपत्रांतून मात्र त्याचा सरसकट ‘अवकाळी’ झाला आहे. ‘वळीव’ म्हणणारा मनुष्य त्याची वाट पाहतो, वारा फिरला का ते बघतो, नांगरटीचा विचार करतो. ‘अवकाळी’ म्हणणाऱ्याला त्यात केवळ नुकसान दिसते. तो पाऊस वेळेवर आला तरी त्याच्या लेखी अवेळीच. पंचनाम्यासाठी दुसरा शब्द लागतो हे खरे, पण त्याने पहिल्याची जागा घ्यावी असे नाही.

पदव्युत्तर वर्गात शाहूवाडी, भुदरगड, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांतील विद्यार्थी असतात. अंजनी कशी निळी फुलते, कुसुंबाची कोवळी पाने कशी लालभडक असतात, पावशा कोणत्या आठवड्यात ‘पेरते व्हा’ ओरडू लागतो, हे त्यांतील अनेकांना परीक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. पण ‘ऋतुचक्रातील निसर्गचित्रण’ या प्रश्नाच्या उत्तरात ते हे ज्ञान कधी आणत नाहीत. ते ‘काव्यात्म शैली’ लिहितात, कारण तेवढेच वाङ्मयीन असे त्यांना शिकविले गेले आहे. प्रश्न बदलता येईल. चैत्रावरील प्रकरण वाचून आवारातील एका पिंपळाच्या पालवीची पंधरा दिवसांची नोंद विद्यार्थ्याने आपल्या बोलीतील क्रियापदे वापरून करावी, आणि मग ग्रंथातील वर्णन कोठे जुळते व कोठे जुळत नाही ते लिहावे. अशा उत्तराला गुण कसे द्यावयाचे, ही अडचण अभ्यासमंडळाला सोडवावी लागेल.