वाइल्ड कार्ड आणि एका गुणाची किंमत

मागच्या व्याख्यानात न्यायाच्या कल्पनेवर बोलून झालं, तेव्हा मागच्या रांगेतून एका तरुणानं विचारलं होतं, "सर, हे सगळं खेळाच्या मैदानावर लागू पडतं का?" वेळ संपली होती, उत्तर राहून गेलं. आज त्याच प्रश्नाकडे वळू. पण विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर न जाता टेनिसच्या तळमजल्यावर जाऊ. तिथे प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील, एखाद-दुसरा प्रशिक्षक आणि आमच्यासारखे चार निवृत्त रिकामटेकडे.

आधी नियम समजून घेऊ. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जण खेळतात. त्यातले १०४ क्रमवारीच्या आधारे थेट येतात, १६ पात्रता फेरी जिंकून येतात आणि ८ जणांना आयोजक आपल्या मर्जीनं बोलावतात. ही मर्जी म्हणजे वाइल्ड कार्ड. व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात खालच्या पातळीवर, म्हणजे पुरुषांच्या एम-१५ स्पर्धांत, साधारणपणे ३२ जणांचा ड्रॉ असतो आणि त्यातल्या ४ जागा यजमानांच्या हातात असतात. ही पद्धत न्याय्य आहे का, हा आजचा प्रश्न.

वाइल्ड कार्डाचं समर्थन करणारे पहिलं नाव घेतात ते गोरान इवानिसेविचचं. २००१ साली तो क्रमवारीत १२५वा होता. त्याआधी तीनदा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत हरलेला. आयोजकांनी त्याला वाइल्ड कार्ड दिलं आणि पठ्ठ्यानं स्पर्धाच जिंकली. दुसरं नाव किम क्लायस्टर्सचं. आई झाल्यावर ती खेळात परतली, क्रमवारीत तिचं नावही नव्हतं, आणि २००९ची अमेरिकन ओपन तिनं वाइल्ड कार्डावर जिंकली. मग म्हणतात, बघा, दार उघडलं म्हणून हे घडलं!

हा युक्तिवाद आम्हाला फार ओळखीचा आहे. काही वर्षं आम्ही एका महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर होतो. एकदा गुणवत्ता यादी डावलून, एका वजनदार माणसाच्या चिठ्ठीवर, आम्ही एका मुलाला जागा दिली. मुलगा हुशार निघाला, पुढे चांगला नावारूपाला आला. पुढची कित्येक वर्षं आम्ही मनाशी म्हणत होतो, आपला निर्णय बरोबरच होता की! त्या जागेवर ज्या मुलाचा किंवा मुलीचा हक्क होता, त्यांचं काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आज नावसुद्धा आठवत नाही. आत आलेल्याचा निकाल लागतो. बाहेर राहिलेल्याचा निकाल कधी लागतच नाही. म्हणून इवानिसेविचच्या उदाहरणानं वाइल्ड कार्ड देण्याची पद्धत न्याय्य ठरत नाही. त्यानं फक्त इवानिसेविच मोठा खेळाडू होता एवढंच सिद्ध होतं, आणि ते आधीच ठाऊक होतं.

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडू. ॲरिस्टॉटल म्हणतो, उत्तम बासरी उत्तम वाजवणाऱ्याला द्यावी. घराणं, पैसा, रूप बघून देऊ नये. पटतं. पण ज्याच्या हाती कधी बासरी आलीच नाही, तो कसा वाजवतो हे कळणार कसं? २०२३ साली पुण्यात बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत पुण्याच्याच १५ वर्षांच्या मानस धामणेला वाइल्ड कार्ड मिळालं. पहिल्याच फेरीत तो अमेरिकेच्या मायकेल मोकडून सरळ सेटमध्ये हरला. क्रमवारीच्या हिशेबानं तो तिथे पोचला नसता. पण एवढ्या मोठ्या कोर्टवर उभं राहण्याचा अनुभव त्याला मिळाला, आणि गावच्या मुलाला गावात खेळताना लोकांनी पाहिलं. स्पर्धेचा खर्च यजमानानं करायचा, आणि त्याच्या मुलांनी फक्त बॉल उचलायचे, हेही काही न्यायाचं नाही. तेव्हा वाइल्ड कार्ड सरसकट बंद करा, असं आम्ही म्हणत नाही.

मग खटकतं कुठे? गुणांच्या हिशेबात. एम-१५ स्पर्धा जिंकणाऱ्याला आज एटीपीचे १५ गुण मिळतात. मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकला की १ गुण. एक गुण म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण क्रमवारीच्या तळाशी माणसं दाटीवाटीनं उभी असतात. तिथे एक-दोन गुणांनी शेकडो स्थानं बदलतात. पुढच्या आठवड्यात थेट प्रवेश की पुन्हा पात्रता फेरी, हे त्यावर ठरतं. आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. एकाला वाइल्ड कार्ड आहे. तो एक सामना जिंकतो, त्याला १ गुण. दुसरा पात्रता फेरीतून येतो. आधी दोन-तीन सामने जिंकतो, मग मुख्य ड्रॉमधला एक जिंकतो, त्यालाही १ गुण. पात्रता फेरीतल्या त्याच्या विजयांना एटीपीचा एकही गुण नाही. मुख्य ड्रॉमधला पहिलाच सामना तो हरला, तर त्या आठवड्याची त्याची कमाई शून्य.

गंमत बघा, वरच्या मजल्यावर असं नाही. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीतल्या विजयांना गुण मिळतात, चॅलेंजर स्पर्धांतही मिळतात. सुमित नागल २०२४ साली ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वाइल्ड कार्डाशिवाय, पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आला आणि ३१व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला त्यानं हरवलं. पात्रता फेरीतल्या त्या घामाची तिथे मोजदाद झाली. याच नागलनं त्याच्या काही महिने आधी सांगितलं होतं की आपल्या बँक खात्यात जेमतेम ९०० युरो उरलेत. म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त, नेमकी तिथेच कष्टांची मोजणी बंद!

आणि ही गरज थोडीथोडकी नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्वतःच्या पाहणीनुसार २०१३ साली पुरुषांत ३३६व्या आणि स्त्रियांत २५३व्या क्रमांकाच्या आसपास कुठे खर्च आणि बक्षिसाची रक्कम यांची तोंडमिळवणी होत होती. त्याखालचे सगळे पदरमोड करून खेळणारे. यावर उपाय म्हणून महासंघानं २०१९च्या सुरुवातीला काय केलं? एम-१५ स्पर्धांचे एटीपी गुणच काढून घेतले आणि पात्रता फेऱ्या लहान केल्या. गर्दी कमी करायची म्हणून शिडीची खालची पायरीच कापली. खेळाडूंनी एवढा आवाज उठवला की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले.

मग वाइल्ड कार्डानं मिळवलेले गुण धरूच नयेत का? तसं सुचवणारे आहेत. आम्हाला ते पटत नाही. त्या मुलानं खऱ्या प्रतिस्पर्ध्याला खरोखर हरवलेलं असतं. हरणाऱ्याची हार खरी मानायची आणि जिंकणाऱ्याची जीत खोटी, हे कसलं तर्कशास्त्र? कोणाचे गुण कापून न्याय होणार नाही. पात्रता फेरीतून येणाऱ्याचे विजय मोजा, खालच्या पातळीवरही मोजा. मग एकाला बोलावलं आणि दुसरा चालत आला, तरी चालण्याचे पैसे बुडणार नाहीत.

आणि वाइल्ड कार्ड द्यायचं तर कारण सांगून द्या. जमेल तिथे निकष आधी जाहीर करा. अमेरिकेत ठरावीक स्पर्धांतल्या कामगिरीवरून फ्रेंच ओपनचं वाइल्ड कार्ड ठरवण्याची पद्धत आहेच. पण तिथेही एक मेख आहे. अमेरिका, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया हे देश आपसांत वाइल्ड कार्डांची देवघेव करतात. ज्या देशात ग्रँड स्लॅम होत नाही, त्या देशातल्या मुलाकडे या देवाणघेवाणीत द्यायला काहीच नसतं. शेजारी शेजारी वाट्या देतात-घेतात. ज्याच्या घरी चूलच नाही, त्यानं काय द्यावं?

त्या प्रवेश समितीत आम्ही चूक केली ती जागा दिली ही नव्हे. कदाचित द्यायलाही हवी होती. चूक ही की कारण कुठे लिहिलं नाही, आणि ज्याची जागा गेली त्याच्याकडे पाहून ते बोललो नाही. तोंडावर सांगता येत नसेल ते कारण बहुधा कारण नसतंच. टेनिसच्या आयोजकांना आमचं एवढंच सांगणं आहे. मर्जी ठेवा, पण यादीत पुढचा जो होता त्याला ती समजावून सांगता आली पाहिजे.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतला तो तरुण आलाय का आज?