चौर्य आणि नाममुद्रा

संगणकीय चाचेगिरीची चर्चा बहुधा कायदा आणि आर्थिक नुकसान या दोनच अंगांनी केली जाते. तरुण चोरतात ते फुकट मिळते म्हणून, असे उत्तर त्या चर्चेत गृहीतच असते. या चौर्यातून जन्मलेल्या ‘क्रॅक इंट्रो’ नामक रचनाप्रकाराकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहिल्यास ते उत्तर अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरील खेळांना नक्कल होऊ नये म्हणून कुलपे घातलेली असत. ती तोडण्यासाठी युरोपातील शाळकरी वयाच्या मुलांनी टोळ्या स्थापन केल्या. नॉर्वेतील रेझर १९११ (१९८५) व स्वीडनमधील फेअरलाइट (१९८७) या त्यांपैकी विशेष ख्यातनाम होत. कुलूप तोडलेला खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर टोळीचे स्वतःचे एक दृश्य येई. त्यात रंग पालटणाऱ्या अक्षरांत टोळीचे नाव, जोडीला संगीत आणि खाली सरकत जाणारी मजकुराची ओळ असे. कुलूप कोणी तोडले याची घोषणा, मित्र-टोळ्यांना अभिवादन आणि प्रतिस्पर्ध्यांची निर्भर्त्सना हे त्या मजकुराचे ठरीव विषय होत.

सज्जनस्तुती, दुर्जननिंदा आणि नाममुद्रा या संकेतांशी परिचित असलेल्या मराठी वाचकास हे विषय परके वाटू नयेत. परंतु साम्य येथेच संपते. संतकवीची नाममुद्रा स्वतःच्या रचनेवर असते. ही मुद्रा दुसऱ्याच्या कृतीच्या दारावर ठोकलेली आहे. शिवाय मूळ कर्त्याचा अधिकार न मानणारी हीच मुले आपल्या नावाविषयी कमालीची दक्ष होती. दुसऱ्या टोळीने तोडलेले कुलूप आपल्या नावावर खपविणे हा त्यांच्या जगात मोठा कलंक होता. वस्तू फुकट वाटावयाची, कीर्ती मात्र श्रमाने मिळवावयाची, असा हा व्यवहार होता. खरे नाव लपवून स्वतः निवडलेल्या टोपणनावाने समवयस्कांत प्रतिष्ठा मिळविणे, हीच त्याची प्रेरणा दिसते.

गुणदोष पाहता, मजकुराची ओळ बहुधा आत्मप्रौढीने भरलेली आणि भाषेच्या दृष्टीने दरिद्री आहे. कारागिरी मात्र अस्सल आहे. अत्यल्प स्मृतीत चित्र, गती आणि संगीत बसविण्याच्या या ईर्ष्येतूनच चौर्यापासून मुक्त झालेली ‘डेमो’ ही स्वतंत्र कला उदयास आली. फिनलंडने २०२० साली व जर्मनीने २०२१ साली तिची आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय सूचीत नोंद केली.

तथापि या गौरवाने मूळ दोष धुऊन निघत नाही. लुटला जाणारा पक्ष सदैव धनाढ्य कंपनीच होता, असे नाही. ब्रिटनमधील मॅथ्यू स्मिथ याने ‘मॅनिक मायनर’ हा खेळ १९८३ साली रचला, तेव्हा तोही विशीच्या आतलाच होता. कुलूप घडविणारा आणि तोडणारा पुष्कळदा एकाच पिढीचे होते, हे टोळ्यांचे कौतुक करणाऱ्यांनी विसरू नये.

आज नक्कल उतरवून घेणाऱ्या बहुसंख्य तरुणांपाशी असे कौशल्यही नसते आणि अशी मुद्राही नसते. त्यांना जुन्या टोळ्यांचे वारस म्हणणे म्हणूनच सयुक्तिक नाही. जुन्या टोळ्यांपुरता मात्र एक प्रश्न शिक्षणसंस्थांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे: एवढ्या कुशल मुलांना आपले नाव लिहिण्यास दुसऱ्याच्या दाराखेरीज जागा का मिळू नये?