उदारमतवादी शांततेचा सिद्धांत आणि १८४३ चे ग्वाल्हेर युद्ध : एक चिकित्सा

उदारमतवादी राज्ये परस्परांशी युद्ध करीत नाहीत, हा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासातील बहुचर्चित सिद्धांत होय. इमॅन्युएल कांट यांच्या १७९५ मधील शाश्वत शांततेवरील निबंधाचा आधार घेऊन मायकेल डॉईल यांनी १९८३ साली तो नव्याने मांडला. इतर राज्यांशी वागताना हीच राज्ये आक्रमक होतात, हेही डॉईल मान्य करतात. मात्र त्यात त्यांना प्रामुख्याने विवेकाचा अभाव दिसतो. हे निदान अपुरे आहे. समोरच्याला बरोबरीचे राज्य मानायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार एकच पक्ष स्वतःकडे ठेवतो, हा खरा दोष आहे. ग्वाल्हेरच्या उदाहरणावरून तो स्पष्ट होतो.

फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या अल्पवयीन पत्नी ताराबाई यांनी दत्तक घेतलेला मुलगा जयाजीराव या नावाने गादीवर आला. कारभारी म्हणून इंग्रजांना मामासाहेब कदम हवे होते. दरबारात मात्र दादा खासगीवाले यांचे वजन वाढले. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांनी खासगीवाल्यांना हवाली करण्याची मागणी केली. दरबाराने डिसेंबरात ती पूर्णही केली. तरीसुद्धा १८०४ च्या तहाचा हवाला देऊन इंग्रज फौज चंबळ उतरली आणि २९ डिसेंबर रोजी एकाच दिवशी महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला. खरी चिंता पंजाबातील शीख फौजेची होती; तिच्याशी गाठ पडलीच तर पाठीमागे ग्वाल्हेरची मोठी सेना असणे इंग्रजांना नको होते. जानेवारी १८४४ च्या तहाने ती सेना ९,००० वर आणली गेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ग्वाल्हेर कंटिन्जंट वाढविण्यात आली.

एलनबरो टोरी होते, उदारमतवादी नव्हते, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु त्यांच्याआधी अफगाणिस्तानात फौज धाडणारे ऑकलंड व्हिग पक्षाचे होते. शिवाय डॉईल यांच्या यादीत ब्रिटन १८३२ पासून उदारमतवादी राज्यच आहे.

जॉन स्टुअर्ट मिल यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८२३ ते १८५८ ते कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होते आणि संस्थानांशी संबंधित राजकीय पत्रव्यवहाराचे मसुदे बरीच वर्षे त्यांच्याच हातून जात. १८५९ मध्ये हस्तक्षेपाच्या प्रश्नावर लिहिताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, सुसंस्कृत राष्ट्रांमधील नियम रानटी लोकांना लागू होत नाहीत, कारण ते लोक परतफेडीची भावना पाळत नाहीत. ही कसोटी ग्वाल्हेरला लावून पाहावी. मागणी मान्य करणारा दरबार होता; मान्य झाल्यावरही न थांबणारी फौज दुसऱ्याच पक्षाची होती.

याबाबतीत कांट अधिक प्रामाणिक वाटतात. व्यापारी ठाण्यांच्या नावाखाली हिंदुस्थानात परकी सैन्य आणले गेले, याचा त्यांनी त्याच निबंधात स्पष्ट निषेध केला आहे. २००३ मध्ये इराकवर फौजा गेल्या तेव्हा लोकशाहीच्या प्रसाराची भाषा झाली; कांट यांच्या निबंधातील हा भाग मात्र त्या चर्चेत फारसा दिसला नाही.

१८४४ च्या तहाने वाढविलेली कंटिन्जंट जून १८५७ मध्ये उठली आणि नोव्हेंबरात तात्या टोपे तिला घेऊन कानपुरावर चालून गेले. मिल यांचा निबंध त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला.